घरातले नाट्यगृह आणि मराठी शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संतवाङ्मय, इतिहास, संगीत अशा भारदस्त विषयांच्या शेजारी ‘थोडक्या पैशांत घरच्या घरी थिएटर कसे उभारावे’ हा विषय काहींना बाजारी वाटेल. तथापि तो आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना मराठी नाटक वर्षातून एकदोनदा, तेही मंडळाच्या कृपेने, प्रत्यक्ष पाहायला मिळते. उरलेले सारे नाटक, चित्रपट, गाणे आणि कीर्तन आपण दिवाणखान्यात बसून ऐकतो. तेव्हा तो दिवाणखानाच आपले नाट्यगृह होय, आणि तेथे शब्द कसा ऐकू येतो हा प्रश्न केवळ चैनीचा राहत नाही.

मराठी प्रेक्षक हा मुळात शब्द ऐकायला आलेला प्रेक्षक आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला नाटक केले, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्याला ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा आवाज वाढविणारे कोणतेही यंत्र नव्हते. नटाचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, ही जबाबदारी नटाच्या छातीवर आणि नाट्यगृहाच्या भिंतींवर होती. आज आपल्या घरी यंत्रे पुष्कळ आहेत. पण आजोबा मात्र दर दोन मिनिटांनी ‘काय म्हणाला तो?’ असे विचारतात, आणि नातवंडे पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचून हसतात. अक्षरे वाचून हसणारे मूल मराठी ऐकत नसते. आमच्या आजच्या साऱ्या बोलण्याचे सूत्र एवढेच की, घरातील थिएटर उभारताना पहिला पैसा शब्दाच्या स्पष्टतेवर खर्च करावा, आणि धडाडधूम नंतर पाहावी.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या कंपनांत असतो, तर व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या कंपनांवर अवलंबून असते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने ऐकतो. त्यांतील दोन हजारांच्या वरच्या पट्ट्यात ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘च’ यांतला फरक उमटतो. मराठीत तर ‘च’ आणि ‘ज’ दोन-दोन प्रकारचे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे लिहिताना एकच. वेगळे होतात ते केवळ उच्चाराने. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाला हा भेद पुस्तकातून कधीच कळणार नाही, तो कानानेच शिकावा लागतो. दुसरीकडे, वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेही बहुधा वरच्या कंपनांपासून. म्हणजे घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत वडील अशी दोन्ही माणसे एकाच पट्ट्याच्या स्वच्छतेवर अवलंबून आहेत. नेमका तोच पट्टा आजचे पातळ दूरदर्शनसंच बिघडवितात. संच पातळ झाले तशी आतल्या स्पीकरला जागा उरली नाही. बहुतेक संचांत ते खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात. समोरच्या श्रोत्याकडे पाठ करून बोलणाऱ्या नटासारखी ही अवस्था आहे.

आता किती स्पीकर हवेत? दुकानात पाच, सात, नऊ असे आकडे ऐकू येतात. पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, अशा मांडणीला ‘पाच-पॉइंट-एक’ म्हणतात. २०१२ पासून डोक्यावरूनही आवाज आणणारी ‘ॲटमॉस’ पद्धत चित्रपटगृहांत आली आणि पुढे घरांतही शिरली. परंतु आपण पाहतो काय, हे आधी स्वतःला विचारावे. ‘आलम आरा’ १९३१ सालचा आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. तेथून पुढे कित्येक दशके आपले बहुतेक चित्रपट एकपदरी ध्वनीचे, म्हणजे मोनो होते. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या आणि दूरदर्शनवर चित्रित झालेली जुनी नाटके यांचीही तीच गोष्ट. या सगळ्या ठेव्यासाठी पाठीमागच्या स्पीकरांना काही कामच नाही. रिसीव्हरवरील ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशी बटणे दाबून त्यात कृत्रिम घुमारा मिसळणे म्हणजे चांगल्या आमटीत पाणी ओतणे होय.

आवाज दोन स्पीकरांतून का काढावा, याचा इतिहास मनोरंजक आहे. ‘आलम आरा’च्याच वर्षी, १९३१ साली, लंडनच्या ईएमआय कंपनीतील अभियंता ॲलन ब्लुमलीन याने स्टिरिओ पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. बोलपट पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले, असे सांगतात. दोन स्पीकर नीट मांडले तर मधोमध बोलणाऱ्या पात्राचा आवाज मधूनच, जेथे एकही स्पीकर नाही तेथून येतो. हा कानाचा भ्रम आहे. पण साधारण खर्चात मिळणारा इतका उत्तम भ्रम दुसरा नाही. म्हणून आमची पहिली शिफारस अशी की, ठरलेल्या रकमेत सहा हलके स्पीकर आणण्यापेक्षा दोनच चांगले स्पीकर आणावेत. डब्यात भरून मिळणाऱ्या तयार संचात पाच लहान पेट्या असतात, पण त्यांतली एकही पुरुषाचा आवाज पूर्ण पेलत नाही. मग त्याचा खालचा भाग सबवूफरला उचलावा लागतो आणि पात्राचा आवाज अर्धा पडद्यातून, अर्धा सोफ्याखालून येतो.

हिशेबाची आवड असलेल्यांसाठी आमचे अंदाजपत्रक असे: शंभर रुपयांपैकी पंचावन्न ते साठ समोरच्या दोन स्पीकरांना, तीस ॲम्प्लिफायरला किंवा रिसीव्हरला, आणि उरलेले दहापंधरा स्टँड, तार, जाड पडदे यांना. स्पीकरला एवढा वाटा का? कारण तो लवकर म्हातारा होत नाही. आजच्या बहुतेक स्पीकरांची मूळ रचना राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडली, आणि ते तत्त्व आजही तेच आहे. याउलट, रिसीव्हरची जोडणी दर काही वर्षांनी बदलते. चांगला स्पीकर दोनतीन रिसीव्हरांना पुरून उरतो.

यापुढे दुकानातील आकडे. वॅटचा आकडा पाहून दिपून जाऊ नये. १९९० च्या दशकात आपल्याकडे हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही ‘पीएमपीओ’च्या नावाखाली शेकड्यांनी वॅट छापलेले असत. अमेरिकेत तर अशाच अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी १९७४ साली सरकारला नियम करावा लागला. तेव्हा ‘आरएमएस’ वॅट किती, आणि ते एका वेळी किती स्पीकर चालू असताना, एवढेच विचारावे. बारा बाय चौदाच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला एकदोन वॅटही पुरतात. वरची शक्ती ही एकाएकी उसळणाऱ्या आवाजासाठी राखीव असते, आणि त्यासाठी चाळीस-पन्नास प्रामाणिक वॅट पुष्कळ झाले.

याहून मोलाचा आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते यावरून कळते. हा आकडा तीन डेसिबलने वाढला की तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती लागते. ८४ डेसिबलच्या स्पीकरला दोनशे वॅट देऊन जे साधते, ते ९० डेसिबलच्या स्पीकरला पन्नास वॅट देऊन साधते. तिसरा आकडा ओहमचा. नवख्याने सहा ते आठ ओहमचे स्पीकर घ्यावेत. चार ओहमचे घ्यायचे असल्यास आपला ॲम्प्लिफायर ते पेलेल ना, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. आकड्यांचे पुराण येथे संपले.

कंपनीचे नाव आम्ही एकही घेणार नाही. सरकारी सेवेतील माणसाला ते शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ऐकविले. स्पीकर दिसत असताना श्रोत्यांच्या मतांवर आकार, किंमत आणि नाव यांची छाया पडली. पडद्याआड मते बदलली. म्हणून खरेदीला जाताना डोळे घरी ठेवून कान न्यावेत. दुकानदार बहुधा स्फोटांचा प्रसंग लावतो. तो नम्रपणे नाकारावा आणि सोबत नेलेले आपले ध्वनिमुद्रण लावायला सांगावे. प्रथम वाद्यांची साथ नसलेले मराठी भाषण, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे. माणूस समोर उभा राहून बोलतो आहे असे वाटते की डब्यात तोंड घालून, हे कोणालाही कळते. त्यानंतर हार्मोनियम-तबल्याच्या साथीचे एखादे नाट्यपद. डग्ग्याची थाप आणि शाईचा नाद वेगवेगळे ऐकू यावेत, आणि गाणाऱ्याचे शब्द पेटीच्या सुरात बुडू नयेत. दोन स्पीकरांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवायला सांगावा. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला भासतो, आणि ही युक्ती विक्रेत्यांना ठाऊक असते. घरातील वडीलधाऱ्या माणसाला आवर्जून बरोबर न्यावे. शब्द त्यांना कळला तर तो सर्वांना कळला.

स्पीकर घरी आले, पण काम निम्मेच झाले. उरलेले निम्मे खोली करते. आपल्या घरांत टाइल्सची किंवा संगमरवराची फरशी, गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती, काचेच्या खिडक्या. सामान लावण्यापूर्वी अशा खोलीत टाळी वाजवून पाहावी. तिच्यामागे जी झणझण उमटते तीच प्रत्येक शब्दाच्या शेपटाला चिकटते. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्दच कळत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या रात्री आणून त्या दालनात मांडल्या, आणि किती गाद्यांनी घुमारा किती घटतो हे मोजले. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा आरंभ असा गाद्यांपासून झाला. मग आपल्याला महागडे फलक कशाला हवेत? जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला दुपदरी पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, आणि बाजूच्या भिंतीवर आजीने शिवलेली गोधडी. गोधडी नेमकी कोठे टांगावी याचीही सोपी युक्ती आहे. आपण आपल्या जागी बसावे आणि मुलाला भिंतीलगत आरसा सरकवीत न्यायला सांगावे. आरशात जेथे स्पीकर दिसेल, त्या जागेवरून आवाज भिंतीला आपटून कानावर येतो. तेथे गोधडी टांगावी.

मांडणीचे नियम थोडे आहेत. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण करावा. दोन स्पीकरांत सात फूट, तर श्रोताही प्रत्येकापासून सात फूट. वरचा लहान भाग, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीला यावा. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी ही उंची सुमारे सव्वातीन फूट, आणि ज्या घरी अजून भारतीय बैठक आहे तेथे सुमारे अडीच फूट. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नयेत, कोपऱ्यात ढकलू नयेत. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्दावर बसतो. भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले तर बहुतेक घरी भागते. तारेसाठी फार पैसे मोजण्याचे कारण नाही. घरगुती अंतरासाठी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुपदरी तार पुरेशी आहे. फक्त अधिक आणि उणे यांची जोडणी दोन्ही स्पीकरांना सारखी असावी. उलटसुलट झाली तर मधला आवाज विरून जातो आणि खर्ज नाहीसा होतो.

येथवर पोचल्यावर वर्ष-दोन वर्षे थांबावे, मग पुढची पायरी. रांगेने पाच-सहा माणसे बसत असतील तर कडेला बसणाऱ्याला मधल्या आवाजाचा भ्रम टिकत नाही. त्यांच्यासाठी मधला, म्हणजे सेंटर स्पीकर घ्यावा. पाचपदरी ध्वनिमुद्रणातील बहुतेक संवाद त्यातूनच येतात, म्हणून तो समोरच्या दोघांच्याच कुळातला असावा. नाहीतर पात्र चालता चालता आवाज बदलते. आणि सेंटर घेतला नसेल तर रिसीव्हरला तसे सांगून ठेवावे, केवळ दूरदर्शनचेच स्पीकर असतील तर संचावर ‘स्टिरिओ’ निवडावे. ‘संवाद बारीक आणि पार्श्वसंगीत मोठे’ या तक्रारीचे एक कारण असे की, संवाद घरात नसलेल्या स्पीकरकडे पाठविले जात असतात. रात्रीसाठी बहुतेक यंत्रांत आवाजाचे चढउतार कमी करण्याची सोय असते. ज्येष्ठांसाठी ती दिवसाही उपयोगी पडते.

तिसरी पायरी सबवूफरची. सेकंदाला ८० कंपनांच्या खालचा आवाज कोठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून एकच सबवूफर पुरतो आणि तो कोठेही चालतो, असे म्हणतात. यातले पहिले खरे, दुसरे अर्धेच खरे. चौदा फूट लांबीच्या खोलीत ४० कंपनांच्या आसपासचा खर्ज काही ठिकाणी दुप्पट वाटतो आणि काही ठिकाणी गडप होतो. योग्य जागा शोधण्यासाठी सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे गाणे लावावे आणि स्वतः भिंतीकडेने रांगत जावे. जेथे खर्ज सारखा आणि सुबक ऐकू येईल, ती त्याची जागा. हा प्रकार पाहुणे नसताना करावा हे उत्तम. वसाहतीत राहणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावे: खर्ज भिंतींना जुमानत नाही, आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाचे सौहार्द कोणत्याही सबवूफरपेक्षा मोलाचे आहे. पाठीमागचे स्पीकर चौथ्या पायरीला, तेही नवे चित्रपट आवडणाऱ्यांच्या घरी. ते बैठकीच्या बाजूला, किंचित मागे, कानाहून थोडे उंच असावेत.

आपल्यांपैकी बरेच जण बदलीच्या नोकरीत आहेत. दर तीनचार वर्षांनी नवे गाव, नवे क्वार्टर, नवी खोली. अशा माणसाने भिंतीत तारा पुरू नयेत, छतात स्पीकर बसवू नयेत. मूळची खोकी आणि थर्मोकोल माळ्यावर जपून ठेवावे. समुद्रकाठी किंवा पूर्वेकडील दमट प्रदेशात बदली होण्याचा संभव असल्यास स्पीकरच्या कागदी पडद्याभोवतीची कडा फोमची न घेता रबराची घ्यावी. फोम दहापंधरा वर्षांत, दमट हवेत त्याही आधी, झडू लागतो. वापरलेला जोड मिळाला तर तो नाकारू नये. कडा तपासावी, पडदा बोटांनी अलगद सारखा दाबून पाहावा. आत खरखर झाली तर तो परत करावा. आणि ज्यांच्या दोन खोल्यांत या सगळ्याला जागाच नाही, त्यांनी संवाद स्पष्ट करणारा, मधला स्पीकर वेगळा असलेला एखादा साउंडबार एकाच एचडीएमआय तारेने जोडावा. त्यात कमीपणा मानू नये. शब्द ऐकू येणे हे साध्य, बाकी सारी साधने.

मंडळाने पन्नास वर्षे मराठी शब्द या गावात जिवंत ठेवला, तो गणेशोत्सवातून, हस्तलिखितांतून आणि हौशी नाटकांतून. पुढील पन्नास वर्षांत ते काम मुख्यतः घराघरांतून व्हायचे आहे. म्हणून जाता जाता एक सूचना करतो. ज्यांच्या घरी अशी सोय झाली आहे त्यांनी महिन्यातून एका रविवारी चार शेजारी कुटुंबांना बोलवावे आणि एक जुने नाटक अथपासून इतिपर्यंत ऐकावे. पडद्याखालची अक्षरे बंद ठेवावीत. पहिल्या अंकात मुले चुळबुळतील, दुसऱ्यात अर्थ विचारतील, आणि तिसऱ्यात एखाद्या कोटीला आजोबांच्या बरोबरीने हसतील. तेवढ्यासाठी केलेला खर्च अवाजवी होता, असे कोणी म्हणेल असे आम्हांला वाटत नाही.